रांगेतला पेला

त्या उन्हाळ्यात कल्हईवाल्या काकीच्या घरी दोन उमेदवार एकाच घशातून बोलत होते. घसा काकीच्या मुलाचा. त्याच्याकडे तीन चाकांचा टेम्पो, टेम्पोच्या टपावर कर्णा, आणि त्या कर्ण्यापायी त्याचं खरं नाव मागे पडून गावानं ठेवलेलं नाव भोंग्या. सकाळी तो सध्या खुर्चीवर असलेल्या गिरणीवाल्यांसाठी ओरडायचा. दुपारी घरी येऊन जेवायचा, टेम्पोवरचं कापड बदलायचा आणि उन्हं कलली की वकीलसाहेबांसाठी ओरडायचा.

"अरे, लाज कशी वाटत नाही?" काकीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आई, लाज वाटायला मजकूर तरी वेगळा नको का?" भोंग्यानं खिशातून दोन कागद काढून तिच्या पुढ्यात धरले. एकाच छापखान्यातले. विकास तोच, खंबीर नेतृत्व तेच, शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं तेही तसंच. फक्त वरचं नाव बदललेलं. "काल संध्याकाळी चुकून सकाळचा कागद वाचला मी. वकीलसाहेब शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि वर मला म्हणाले, आज आवाज छान लागलाय."

सून हसून हसून चुलीवर वाकली. काकीला मात्र हसू आलं नाही.

तिनं खूप निवडणुका पाहिल्या होत्या. भांडणांच्या पाहिल्या होत्या, गाण्यांच्या पाहिल्या होत्या. एका वर्षी तर गावातल्या सख्ख्या भावांनी मधली भिंत वाढवून घेतली होती. ते चांगलं होतं असं ती म्हणत नसे, पण तेव्हा माणसं निदान जागी असायची. आता कर्णा वाजायचा आणि कुत्रंसुद्धा कूस बदलायचं नाही.

बाजाराच्या तोंडाशी एक जुनं झाड होतं. त्याच्या सावलीत एका अंगाला काकीची भट्टी, चार पावलांवर लोहाराची. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं काकी भट्टीवर आणि सून भात्यावर, असंच चाललं होतं. स्टीलची भांडी आली तसं काम निम्म्यावर आलं, पण संपलं नव्हतं. कुणाच्या आईचा तांब्या, कुणाच्या आजीची परात, हलवायांची मोठी पातेली. या कामानं काकीचे हात कोपरापर्यंत डागांनी भरले होते आणि दहा बोटांत एकही नख गुलाबी उरलं नव्हतं. कोळसा, नवसागर, चिंचेचं आंबट. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा रंग. तो साबणाला दाद देत नसे.

प्रचाराच्या दुसऱ्या आठवड्यात गिरणीवाले स्वतः बाजारातून चालत आले. मागे पन्नास माणसं. लोहाराशी हात मिळवला, चहावालीशी मिळवला, आणि काकीसमोर आले तेव्हा पुढे केलेला हात त्यांनी मध्येच थांबवला. तिच्या बोटांकडे पाहिलं आणि तोच हात वर नेऊन हवेत हलवला.

"काळजी घ्या, मावशी," ते म्हणाले आणि पुढे गेले.

काकीचा हात तसाच राहिला. मग तिनं त्याच हातानं चिमटा उचलला, जणू त्यासाठीच पुढे केला होता. सुनेनं पाहिलं आणि भाता जरा जोरात ओढला.

याच्या तीन दिवसांनंतर भोंग्याच्या कर्ण्यातून नवीन वाक्य आलं. या वेळी खरंच नवीन. काकी परातीला कथील फिरवत होती. सकाळचा टेम्पो झाडाजवळून गेला आणि तिच्या पोटच्या पोराचा आवाज म्हणाला, "सर्व पात्र धंद्यांना धंदापट्टी आजपासून संपूर्ण माफ! सर्व पात्र धंद्यांना!"

काकीचा हात थबकला. कथील एका जागी जमून ओघळलं.

"ऐकलंस?" ती सुनेला म्हणाली.

"काय?"

"पात्र धंदे म्हणाला. म्हणजे आपण की गं!"

सुनेला कळेना. तेव्हा काकीनं झाडाच्या बुंध्याला टांगलेल्या चौकटीकडे बोट दाखवलं. काचेमागे सासऱ्यांच्या वेळचा परवाना होता. कागद पिवळा पडलेला, पण अक्षरं ठळक: पात्र-कल्हई धंदा. घरात आणि बाजारात भांड्याला सगळे भांडंच म्हणत, पण सरकारच्या भाषेत भांडं म्हणजे पात्र, हे काकीला सून म्हणून या घरात आल्याच्या दिवसापासून ठाऊक होतं. सासरे ते अभिमानानं सांगायचे. आपण साधे भांडीवाले नाही, पात्रवाले आहोत.

"आठवण ठेवली बघ कुणीतरी," काकी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती धुराला दोष देत होती. "एवढ्या मोठ्या यादीत आपलं नाव घातलं. मी उगाच त्या गिरणीवाल्याला मनात बोल लावले. हात नाही दिला, पण माणूस विसरला नाही."

दुसऱ्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून, परवान्याची चौकट फडक्यात गुंडाळून पट्टीच्या कचेरीत गेली. रांग दारापर्यंत होती. लोहारही होता. खिडकीत गावचाच कारकून होता. काकीनं त्याला शेंबडा असल्यापासून पाहिलेलं.

"काकी, हे काय आणलंत?"

"परवाना. वाच. तूच वाच, म्हणजे माझं खोटं नको."

कारकुनानं चौकट उलटीसुलटी केली. "बरं मग?"

"मग काय? पात्र-कल्हई. पात्र धंद्यांना माफी ना? आमच्याइतका जुना पात्रधंदा पंचक्रोशीत दुसरा नाही."

कारकुनानं एकदा चौकटीकडे, एकदा काकीकडे पाहिलं. मग त्याचं तोंड वाकडं झालं, खांदे हलायला लागले आणि त्यानं मान खाली घातली. पण उशीर झाला होता. शेजारच्या टेबलावरच्यानं "काय झालं रे?" म्हणून विचारलं, यानं सांगितलं, आणि हसू खिडकीतून बाहेर आलं, रांगेतून मागे मागे सरकत दारापर्यंत गेलं.

"काकी, रागावू नका," कारकून डोळे पुसत म्हणाला. "इथे पात्र म्हणजे भांडं नाही. पात्र म्हणजे लायक. यादी आहे त्याची. नवीन वस्तू बनवणारे पात्र. तीन वर्षांच्या आत सुरू झालेले पात्र. यंत्रावर चालणारे पात्र. तुम्ही दुरुस्तीत मोडता."

"मग मी काय?"

"अपात्र."

तो शब्द त्यानं हळूच म्हटला, पण म्हटला.

"कल्हई केलेलं भांडं बघितलंयस का कधी?" काकीनं विचारलं. "नव्यासारखं होतं."

"नव्यासारखं, काकी. नवं नाही."

तिनं चौकट परत फडक्यात बांधली. गाठ दोनदा सुटली.

परतीच्या वाटेवर लोहार मागून भरभर चालत आला. त्याला माफी मिळाली होती. तो विळे, खिळे नवे बनवतो म्हणून. अपराध केल्यासारखा तोंड पाडून चालत होता.

"काकी, निम्मा वेळ मी जुन्या विळ्यांना धारच लावतो. ते त्यांनी विचारलंच नाही."

"मग तू कशाला सांगतोस?"

"असं करा ना. तुमची भट्टी माझ्या नावावर दाखवा. दोन भट्ट्या, एक मालक. कोण बघतंय?"

"मी बघतेय," काकी म्हणाली.

"अहो, यांचं काय खरं? काल वकील म्हणाला, दुमजली घरांना माफी. परवा म्हणे, रस्त्याच्या पूर्वेच्या दुकानांना. उद्या डावखुऱ्यांना माफी देतील. मी आत्तापासून डाव्या हातानं जेवायला लागतो."

एरवी काकी यावर खळखळून हसली असती. आता तिनं नुसतं "हं" केलं. घरी आल्यावर चौकट खुंटीला लावताना ती सुनेला म्हणाली, "पट्टी काय, आजवर भरली, पुढेही भरू. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. यांना कुणाला काय द्यायचं ते द्यावं. पण निवडून निवडून द्यायचं, आणि उरलेल्याला नाव ठेवायचं अपात्र?" मग जरा थांबून म्हणाली, "या वेळी मी मत देणार नाही."

सुनेनं हातातलं भांडं खाली ठेवलं. लग्न होऊन आल्यापासून ती पाहत होती. मतदानाच्या दोन दिवस आधी काकी भट्टी विझवायची, राख, लिंबू, दगड घेऊन बोटं घासत बसायची, आणि त्या सकाळी दार उघडायच्या आधी शाळेच्या पायरीवर पहिली उभी असायची. ऊन असो, अंगात ताप असो. काकीचा नवरा वारला त्या वर्षीही चौदाव्या दिवशी ती रांगेत होती.

"खरंच?" सुनेनं विचारलं.

"माझ्या मतानं कुणाचं काय अडलंय? दोन्हीकडे माझाच पोरगा ओरडतोय."

मतदानाला तीन दिवस उरले असताना शाळेचं मोठं तांब्याचं पातेलं हातगाडीवरून आलं. मतदान शाळेतच व्हायचं होतं. येणाऱ्या माणसांचं पाणी त्यात भरायचं, म्हणून आत कल्हई हवी होती. तळ हिरवा पडला होता. एवढ्या मोठ्या भांड्याला हात पुरत नाहीत. सून आत उतरली, कडेला दोन्ही हात टेकले, पायाखाली वाळू आणि आंबट टाकलं, आणि कमरेतून डावीकडे-उजवीकडे वळत तळपायांनी तळ घासायला लागली. खर्र खर्र आवाज बाजारभर जात होता. घाम हनुवटीवरून टपकून वाळूत मिसळत होता.

"हे पातेलं कसं आलं माहीत आहे ना तुला?" काकीनं विचारलं.

"बाईंमुळे," सून आतून म्हणाली. तिनं ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, पण घासायला ताल लागतो, म्हणून तिनंच पुढे ढकललं. "बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या..."

"उभ्या राहिल्या. शाळेच्या बाई. ना गाडी, ना कर्णा. पायात साध्या वहाणा. मी तेव्हा तुझ्यासारखी भांड्यात उभी राहून घासायची आणि सासूबाई भात्यावर असायच्या. बाई आल्या तशा सासूबाई उठायला लागल्या. तर बाई म्हणाल्या..."

"काम थांबवू नका, भाता मी ओढते, तुम्ही बोला."

"हां. आणि खरंच ओढला. अर्धा तास. चष्म्यावर राख बसली. आणि मग भांड्यात उभ्या असलेल्या मला त्यांनी विचारलं. मला! घरात मीठ संपलं तरी मला कुणी विचारत नव्हतं. म्हणाल्या, तुला काय कमी वाटतं गावात? मी घाबरून म्हटलं, शाळेच्या पिंपातलं पाणी हिरवं असतं. पोरांची पोटं दुखतात. आत कल्हई नाही."

"आणि मग बाई निवडून आल्या," सून मुद्दाम म्हणाली.

"कुठल्या! सपशेल पडल्या. साठ-सत्तर मतं मिळाली असतील."

काकी भाता ओढत होती. निखारे लाल होत होते, राखाडी होत होते. पुढचं ती नेहमी जरा हळू सांगायची.

"आणि पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. आम्हाला वाटलं, काही विसरलं असेल. तर प्रत्येक दारात उभ्या राहून म्हणत होत्या, तुम्ही माझं ऐकून घेतलंत, तुमचे आभार. मत दिलं का विचारलं नाही. सगळ्यांच्या दारात, गं. ज्यानं शिव्या घातल्या त्याच्याही. आणि आमच्याकडे आल्या त्या हे पातेलं घेऊन. स्वतःच्या घरातलं. म्हणाल्या, पिंप टाकून देते, शाळेला हे ठेवू. वर्षातून एकदा तू कल्हई करायची."

सून घासायची थांबली होती.

"निवडून आलेल्यानं आभार मानलेले मी खूप पाहिले," काकी म्हणाली. "घास तू. तळ राहिलाय."

मतदानाच्या दिवशी उजाडताच काकीनं भट्टी पेटवली. सून भात्याशी बसली. भोंग्याचा आवाज पार बसला होता. प्रचार संपला आणि त्याच्या घशानं जणू मोकळा श्वास घेतला. तो खुणांनीच बोलत होता. तिघांनी मिळून पातेलं आडवं केलं, निखाऱ्यांवर फिरवत तापवलं. काकीनं नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उसळला, तिनं कथिलाची कांडी टेकवली. कथील वितळून थेंबाथेंबानं पळायला लागलं, त्यामागे तिच्या हातातला कापसाचा बोळा. एक फेर, दोन फेर. जिथे तांबूस होतं तिथे चांदणं पसरल्यासारखी चमक सरकत गेली. काकीनं बाहेर डोकं काढलं तेव्हा चेहरा, मान, हात, सगळं काळं झालं होतं.

"टाक टेम्पोत," ती म्हणाली. "पाण्याची वेळ चुकायला नको. लोकांनी उन्हात उभं राहायचं."

शाळेचं दार अजून उघडलं नव्हतं. रांग मात्र पायरीपासून फाटकापर्यंत गेली होती. भोंग्यानं आणि सुनेनं पातेलं धरून आणलं, काकी मागून चिमटा-फडकं घेऊन. आणि तिला दिसलं की रांग पायरीला लागलेली नाही. पायरीपुढे एका माणसाची जागा मोकळी होती. त्या जागेत जमिनीवर एक पितळी पेला ठेवला होता. पेल्यामागे लोहार उभा होता, लोहारामागे चहावाली, तिच्यामागे सगळं गाव.

"या काकी," लोहार म्हणाला. "तुमचा नंबर धरून ठेवलाय."

"हे काय खूळ?"

"खूळ कसलं? नळावर हंडा ठेवला की नंबर लागतो ना? तसाच. तुम्ही पहिल्या असता. सवय मोडली तर दिवस चांगला जाणार नाही कुणाचा."

"त्या मास्तरानं पेला उचलायला हात घातला होता," चहावाली म्हणाली. "मी म्हटलं, हात लावून तर बघा. परवा तुमच्या परातीला कल्हई करून हवीय ना?"

मागून हसू आलं. मास्तरही हसले.

"अरे बाबांनो, मी मत द्यायला आलेच नाही," काकी म्हणाली. "मी पातेलं पोचवायला आले."

लोहारानं डोकं खाजवलं. "मग आता या पेल्याचं काय करू? तो आत जाणार का मत द्यायला?"

पुन्हा हशा झाला. पण कचेरीतल्या हशासारखा तो नव्हता. काकीनं रांगेकडे पाहिलं. चहावालीची किटली, मास्तरांची परात, त्या कोपऱ्यातल्या म्हातारीचा पाण्याचा तांब्या, गवंड्याच्या आईचं लग्नातलं घंगाळ. तिला माणसांआधी त्यांची भांडी दिसत होती. उन्हं अंगावर आली होती आणि एकही माणूस त्या पेल्यापुढे सरकला नव्हता. 

ती गेली आणि पेल्याच्या जागी उभी राहिली. सुनेनं पातेल्यात पाण्याची पहिली घागर ओतली.

दार उघडलं. आत टेबलाशी शाईची बाटली आणि यादी घेऊन कचेरीतला तोच कारकून बसला होता. काकीला पाहून त्याचे कान लाल झाले. मधल्या खुर्चीत केंद्राच्या प्रमुख बाई, परगावच्या, रात्रभर झोप न झालेल्या. खिडकीजवळ दोन्ही उमेदवारांची माणसं.

"डावा हात," कारकून म्हणाला.

काकीनं हात पुढे केला. कारकुनानं काडी बुडवली आणि ती तशीच धरून बसला. शाई लावायची कुठे? सगळंच काळं.

"थांबा, थांबा," गिरणीवाल्यांचा माणूस उठला. "हिनं आधीच कुठे मत दिलेलं नाही कशावरून? शाई असली तरी दिसायची कशी? माझी हरकत आहे."

"अहो, दार आत्ता उघडलंय," कारकून म्हणाला.

"दुसऱ्या केंद्रावर दिलं असेल. नियम म्हणजे नियम."

प्रमुख बाईंनी डोळे चोळले. "बोटावर खूण नाही, हे दिसायला पाहिजे, हे खरं आहे. आजी, हात धुऊन या."

"धुऊन जात नाही, बाई. कामाचं आहे."

"मग मी काय करू?"

काकी बाहेर आली. रांगेनं विचारायच्या आधीच तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "ऐकलंत? इथेही नाही बसत मी यादीत." पण सून तोवर पातेल्याजवळची पिशवी घेऊन आली होती. तीत उरलेली वाळू होती, अर्धं लिंबू होतं. ती सासूच्या पुढ्यात मांडी घालून बसली, तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकच बोट धरलं.

"अगं, जाणार नाही ते."

"तळ हिरवा होता तो गेला. बोलू नका, आई. मला ताल लागू द्या."

ती घासायला लागली. जसं भांडं घासायचं तसंच. आधी वाळू, मग आंबट, मग पुन्हा वाळू. लोहारानं पेल्यातून पाणी आणून थेंब थेंब सोडलं. नखाच्या कडेला चुरचुरलं तशी काकीनं दात आवळले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिनं किती भांडी उजळली होती, पण तिचा हात कुणी असा मांडीवर घेऊन उजळला नव्हता. सून वाकून फुंकर घालत होती. तिच्या भांगात कोळशाची भुकटी होती. काकीनं दुसऱ्या हातानं ती झाडली आणि आणखीच पसरवली.

हळूहळू काळ्यातून तपकिरी निघालं, तपकिरीतून पिवळं, आणि शेवटी नखाच्या मधोमध हरभऱ्याएवढी गुलाबी जागा.

"निघालं!" चहावाली ओरडली आणि रांगेनं टाळ्या वाजवल्या.

काकी आत गेली. नख टेबलावर टेकवलं. प्रमुख बाईंनी चष्मा लावून पाहिलं. "खूण नाही."

"पण ओळख?" गिरणीवाल्यांचा माणूस अजून उभाच होता. "ही तीच बाई कशावरून?"

दारातून लोहाराचा आवाज आला, "मला विचारा!" त्यामागे चहावाली, "मला विचारा!" आणि मग कोण कोण ते कळेना. प्रमुख बाईंनी हात वर केला आणि कारकुनाकडे वळल्या. "तुम्ही याच गावचे ना? तुम्ही ओळखता?"

कारकून उठून उभा राहिला. एवढ्यासाठी उठायची गरज नव्हती.

"ओळखतो," तो म्हणाला. "लहानपणापासून. यादीत नाव आहे. नावापुढे खूण नाही. बोट स्वच्छ आहे." मग वहीत लिहायचं असतं तसं, ठरलेल्या शब्दांत, तो मोठ्यानं म्हणाला, "मतदार पात्र आहे."

म्हणाला आणि स्वतःच चपापला.

"काय म्हणालास?" काकीनं विचारलं.

"पात्र... पात्र आहात, काकी."

"लिही. नीट लिही. मागाहून खोडशील."

त्यानं लिहिलं. हसू त्यालाही आवरेना, पण या वेळी त्यानं मान खाली घातली नाही. गुलाबी नखावर त्यानं जांभळी रेघ ओढली, अगदी जपून, जणू ती पुसायची भीती होती.

पडद्यामागे काकी बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा तिनं पायरी उतरून सरळ घरचा रस्ता धरला नाही. ती रांगेच्या टोकाशी गेली आणि प्रत्येकासमोर उभी राहत चालली. "थांबलात माझ्यासाठी. आभार." चहावालीला म्हणाली, मास्तरांना म्हणाली, गवंड्याला म्हणाली. ज्यांनी कचेरीच्या रांगेत हसून घेतलं होतं त्यांच्यासमोरही तेवढीच उभी राहिली. कुणी "अहो काकी, काय हे" म्हणालं, कुणी नुसतीच मान हलवली. फाटकापर्यंत जाऊन ती परतली तेव्हा सून पातेल्यातून पाणी वाढत होती आणि पाणी आत पांढरं, स्वच्छ हलत होतं.

भोंग्या टेम्पोला टेकून उभा होता. बसलेल्या आवाजात त्यानं विचारलं, "कुणाला दिलंस? सकाळच्याला की संध्याकाळच्याला?"

"सांगायचं नसतं."

"आई, मी घसा फोडलाय दोघांसाठी."

"दोन्ही भांडी पिवळी पडलेलीच," काकी म्हणाली. "ज्याचं बूड जरा कमी झिजलंय, त्याला दिलं. आता गप्प बस आणि हळद घालून दूध पी."

पायरीजवळ लोहारानं ठेवलेला पेला अजून होता. आता रांग त्याला वळसा घालून पुढे सरकत होती. काकीनं वाकून तो उचलला, बोट आत फिरवलं, उजेडाकडे तिरका धरून तळ पाहिला, आणि फडक्यात गुंडाळून चालायला लागली.

"काकी!" लोहार दारातून ओरडला. "अहो, माझा पेला!"

"उद्या ने," काकी मागे न बघता म्हणाली. "कल्हई गेलीय त्याची."